उजेडात ये म्हणणारा दिगामामा

त्या रविवारी मी जिना अक्षरशः उड्या मारत उतरले. बोरिवलीला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बरोबर आमच्या खाली आईचा मोठा भाऊ, माझा दिगामामा. मला एका मालिकेत काम मिळालं होतं. भूमिका छोटीच, नायिकेच्या धाकट्या नणंदेची, पण कॅमेऱ्यासमोरची पहिली! मामाने दार उघडलं तशी मी किंचाळले, "मामा, झालं! माझं सिलेक्शन झालं!" त्यावर या माणसाने काय करावं? अभिनंदन नाही, पाठीवर थाप नाही. आधी माझी हनुवटी धरली. "उजेडात ये," म्हणाला आणि मला खिडकीशी घेऊन गेला. चष्मा कपाळावर सरकवला, डावा गाल बघितला, उजवा बघितला, कपाळ बघितलं. "झकास," म्हणाला. आणि मग इतक्या मोठ्याने ओरडला की वरून आई लाटणं हातात घेऊनच खाली धावत आली. शूटिंग मढला आहे, हे ऐकल्यावर त्याने बंगला कुठला ते विचारलं आणि मी सांगताच टाळी वाजवून हसायला लागला. त्या बंगल्यातल्या मेकअप रूममध्ये त्याची कितीतरी वर्षं गेली होती. "पहिल्या दिवशी तुझा मेकअप मी करणार. दुसऱ्या कोणी हात लावला तर बघच," असं त्याने मला बजावलं. आम्ही तिघांनी त्याच्या ओट्याशी उभ्या उभ्या चहा घेतला आणि आई पोळ्या करपतील म्हणून वर पळाली.

त्याच आठवड्यात, मढलाच, पण दुसऱ्या एका सेटवर, सकाळी पेटी उघडून ब्रश मांडता मांडता तो खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. फोन रेश्माताईचा आला. रेश्माताई त्याची असिस्टंट, बरीच वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेली. "मनू, मामा..." एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा आरशासमोर नणंदेचे संवाद म्हणत होते.

आता त्याला काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं आवाज खाली आणून बोलतात, मीही मान हलवते. पण खरं सांगू? मामा आठवला की आवाज खाली राहतच नाही. जे जे आठवतं ते सगळं गडबडीचं, आरडाओरड्याचं, हसून पोट दुखवणारं आहे. रडू येतं तेही मधेच, हसता हसता. तेव्हा हे लिहिणंही तसंच होणार, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दिगामामा मेकअपमन होता. आजोबा मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले, मामा त्यांचा थोरला. बारीक अंगाचा, कायम इस्त्रीचा शर्ट, खिशात कापूस. आणि चेहरा... त्याच्या दोन्ही गालांवर खड्डेच खड्डे होते. तरुणपणी मुरमं आली, आजीने त्यांवर लिंबापासून टूथपेस्टपर्यंत सगळं चोळलं, उरलेलं काम त्याच्या स्वतःच्या नखांनी केलं. पुढे जन्मभर हा माणूस दुसऱ्यांचे चेहरे गुळगुळीत करत राहिला आणि स्वतःच्या गालांवर पावडरचा हातसुद्धा फिरवला नाही. कोणाचाही मेकअप सुरू करण्याआधी त्याची एक पद्धत होती. समोरचा नायक असो की गर्दीत उभा राहायला आलेला, आरशाचे दिवे लावायच्या आधी तो त्याला खिडकीशी न्यायचा. दिवे खोटं बोलतात, म्हणायचा. कापसाने चेहरा पुसायचा, हनुवटी धरून सगळा चेहरा नीट बघायचा आणि मगच पेटी उघडायचा. घाईतले दिग्दर्शक बाहेरून बोंबलत राहायचे, पण याची खिडकी कधी चुकली नाही.

मी अकरावीत गेले आणि माझ्या चेहऱ्याची वाट लागली. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. साधी पुटकुळी नाही, आतून ठणकणारी, लालभडक, हात लावला तर डोळ्यांत पाणी. आईने बेसन लावलं, मुलतानी माती लावली, कडुलिंबाचा पाला वाटून लावला. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या काकूंनी पोट साफ होतं का, हे विचारून घेतलं. लिफ्टमध्येसुद्धा! त्याच वर्षी कॉलेजच्या एकांकिकेत मला मुख्य भूमिका मिळाली होती. मी आनंदाने हवेत होते. मग एका तालमीत प्रकाशयोजनावाला म्हणाला, "हिच्या तोंडावर स्पॉट मारला तर पिंपल्सच दिसणार यार, मागून मारू." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन आईला सांगितलं की मी नाटक सोडतेय, आणि तशीच खाली मामाकडे गेले.

"मामा, मला शिकव. रोज कॉलेजला जाताना लावता येईल असं काहीतरी. हे सगळं झाकलं पाहिजे."

मामाने मला खिडकीशी नेलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. त्याच्या पेटीत माझ्या रंगाच्या छटा ओळीने मांडलेल्या होत्या, हात लांब केला असता तर दहा मिनिटांत मला चकचकीत करून पाठवलं असतं. तो पेटीकडे वळलाच नाही.

"नाय लावणार."

"का?"

"मी झाकतो ते दिवसापुरतं गो. संध्याकाळी पुसलं की खाली तेच. आणि वर थापून थापून आणखी बिघडतं ते वेगळं. माझ्या थोबाडाकडे बघ. असं व्हायचंय तुला?" मग त्याने सौदा केला. नाटक सोडायचं नाही. तो मला चांगल्या डॉक्टरकडे नेणार, ती सांगेल ते दोघांनी मिळून करायचं. "स्पर्धेपर्यंत बरं झालं तर झकास. नाय झालं, तर त्या दिवशी मी असा मेकअप करीन की तुझी आई तुला ओळखणार नाय. शब्द."

त्वचेच्या डॉक्टर बाई बोरिवलीतच होत्या. बोलणं एकदम फटकळ. मला त्या पहिल्या पाच मिनिटांत आवडल्या, कारण पोट साफ होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी लहान डोसची अँटिबायोटिक कॅप्सूल दिली, डॉक्सीसायक्लीन नावाची. ताप आला की आपण चार-पाच दिवस घेतो तशी ही नव्हे, ही काही महिने घ्यायची, पण कमी प्रमाणात. आतली सूज हळूहळू शांत करते, म्हणाल्या. नुसती कॅप्सूल घेतली तर जंतू तिला सरावतात, म्हणून सोबत रोज झोपताना लावायचं जेल. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, गोळीमुळे त्वचा उन्हात लवकर भाजते म्हणून ती चालू असेतो ऊन टाळायचं, आणि पहिले काही आठवडे काहीच दिसणार नाही, तेव्हा धीर धरायचा. मामा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, दिग्दर्शक सीन समजावतो तेव्हा हलवायचा तशी. बाहेर आल्यावर म्हणाला, "समजलं सगळं. आजपासून हे खातं माझ्याकडे."

आणि खरंच, त्याने सगळं हातात घेतलं! ऊन टाळायचं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर हा फाटकाशी पांढरी छत्री घेऊन उभा. साधी छत्री नव्हे. सेटवर मोठ्या कलाकारांच्या डोक्यावर धरतात ती, दोन माणसं सहज मावतील एवढी. हिवाळ्याचे दिवस, आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि मी पुढे, मागे छत्री धरून मामा, असे आम्ही बसस्टॉपपर्यंत चाललोय. भाजीवाली विचारते, "काय रे दिगा, पाऊस आहे का?" हा म्हणतो, "हिरॉईन आहे." मला जमिनीने गिळावं असं वाटत होतं. एरवी 'उजेडात ये, उजेडात ये' करणारा माणूस मला रस्ताभर सावलीतून हलू देत नव्हता. त्या जेलने रंग उडवून माझ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पाडले, मग टॉवेलवर, मग आईच्या ठेवणीतल्या निळ्या चादरीवर. आई कडाडली तर मामाने आपले सगळे पांढरे टॉवेल आणून माझ्या कपाटात भरले. ते मेकअपचे डाग पडलेले टॉवेल मी वर्षभर वापरत होते.

फक्त फरक पडत नव्हता. आठवड्यामागून आठवडा. दर रविवारी मामा खिडकीशी तपासणी करायचा आणि "जरा कमी वाटतंय" म्हणायचा. दिवे खोटं बोलतात म्हणणारा माणूस माझ्याशी धडधडीत खोटं बोलत होता, कारण कमी काहीच नव्हतं. एक मोठं नवं आलं होतं हनुवटीवर. स्पर्धा जवळ येत चालली. तालमीत मी तोंडावर केस ओढून संवाद म्हणायला लागले आणि दिग्दर्शकाने दुसऱ्या एका मुलीला माझे संवाद पाठ करायला सांगितले. कशासाठी, ते कोणी बोललं नाही, पण मला कळलं.

पुन्हा डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी चेहरा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. जेल लावतेस? लावते. ऊन? मामाने छत्रीची गोष्ट सांगितली, बाई चक्क हसल्या. "मग आतापर्यंत फरक दिसायला हवा होता. कॅप्सूल रोज घेतेस? कशाबरोबर?"

"पाण्याबरोबर," मी म्हणाले.

"आणि वरून दूध!" मामा अभिमानाने म्हणाला. "अँटिबायोटिक गरम पडतं ना डॉक्टर. मी स्वतः रोज सकाळी वर जाऊन देतो. मोठा पेलाभर दूध, त्यात गुलकंद. एक दिवस चुकवला नाय."

आमच्याकडे हा नियमच होता. इंग्रजी गोळी म्हणजे उष्ण, तिच्यावर थंड काहीतरी गेलंच पाहिजे. आजी द्यायची, आई द्यायची, मामाही द्यायचा. डॉक्टरांनी पाण्याबरोबर सांगितलं म्हणून त्याने गोळी पाण्याच्या घोटाबरोबरच दिली होती. दूध नंतर, ते वेगळं, असा त्याचा हिशेब. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणखी काही देता का त्या वेळी?"

"लोहाचं टॉनिक. ते हिची आई देते. रक्त कमी आहे म्हणून."

"अहो मामा," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला, "दूध आणि लोह त्या गोळीला पोटातच धरून ठेवतात. ती रक्तात जाणार कशी? आणि चेहऱ्यापर्यंत पोचणार कशी? इतके दिवस कितीतरी औषध तुम्ही दुधाला आणि टॉनिकला पाजलंत." दूध प्यायला हरकत नव्हती, टॉनिकलाही नव्हती, फक्त गोळीपासून दोन-तीन तास लांब. बाईंनी डोस वाढवला नाही. तीच गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, असं सांगून पाठवलं.

रिक्षात मामा बोलेना. मी त्याला कधीच गप्प बघितलं नव्हतं, त्यामुळे मला भीतीच वाटली. म्हटलं, "मामा, चालतं रे, तुला कुठे माहीत होतं." मग म्हणाला, "मी पण नाटकात काम करायचो, माहितीय तुला?" मला माहीत नव्हतं. गिरणी कामगारांच्या नाटकात तो नायक असायचा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, रंग फासून. मग एकदा कोणीतरी त्याला सिनेमाच्या सेटवर घेऊन गेलं, दोन वाक्यांचं काम होतं. दिवसाउजेडी शूटिंग. तिथल्या एकाने त्याची हनुवटी धरून चेहरा उन्हात फिरवला आणि म्हणाला, याला मागे उभा करा. "मागे उभा राहिलो. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मेकअपवाल्याकडे गेलो, म्हटलं, शिकव मला. म्हटलं, आपण नाय तर आपण लोकांना पुढे उभं करू." त्याचे डोळे भरले होते. "आणि तुझं पण मीच वाटोळं करत होतो गो चेडवा. माझ्या हाताने. रोज सकाळी, गुलकंद घालून."

मी त्याचा हात घट्ट धरला आणि मला हसूच फुटलं. गुलकंदामुळे. आधी मी, मग तो, मग दोघं इतके हसलो की रिक्षावाला आरशात बघायला लागला.

दुसऱ्या दिवशीपासून सकाळी बेल वाजायची आणि दारात मामा तोच स्टीलचा पेला घेऊन, आत काठोकाठ पाणी. गोळी घे, सगळं संपव, उभी राहा, बसू नको, आडवी तर मुळीच होऊ नको. आईने चहा पुढे केला तर खेकसायचा, "शालू, चहात दूध आहे!" आई म्हणायची, "दादा, तू आता माझ्या देवाच्या नैवेद्यावर पण पहारा बसव." आणि काही रविवार गेल्यावर, खिडकीशी, त्याचा हात माझ्या हनुवटीवर थांबला. त्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मला गॅलरीत नेलं, तिथे ऊन जास्त होतं. "मनू," हळूच म्हणाला, "नवीन एक पण नाय." आणि मग मोठ्याने, "शालूऽऽ! खाली ये! एक पण नाय!" समोरच्या बिल्डिंगमधून लोक खिडकीत आले. त्या दिवसापासून आमच्याकडे दर रविवारी सण होता. कपाळ मोकळं झालं, नाचलो! डावा गाल सपाट झाला, मामा कोलंब्या घेऊन आला! मी तालमीत केस मागे घट्ट बांधून गेले आणि दिग्दर्शकाने त्या दुसऱ्या मुलीला दुसरं काम दिलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी मामा शूटिंगला सुट्टी टाकून आला, पेटी घेऊन. ग्रीनरूमला बारकी खिडकी होती, तिच्याशी मला नेलं. सूज गेली होती, पण डाग होते, गालांवर तांबूस, आणि हनुवटीवरचा तो मोठा, दुधाच्या दिवसांतला, त्याचा खळगा राहिला होता. मामा बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, "आता झाक ना, शब्द दिलायस." त्याने पेटी उघडली. डोळ्यांत काजळ घातलं, नाकावर कपाळावर चमक घालवण्यापुरती पावडर फिरवली आणि पेटी बंद केली.

"बस. जा."

"मामा!"

"तुझाच चेहरा आहे. बरा झालाय. लोकांना बघू दे की."

मी गेले. अंगावर प्रकाश पडला, समोरून, माझ्या सगळ्या चेहऱ्यावर, आणि पहिल्या वाक्याला मला माझा आवाज ऐकू आला. इतका मोकळा आवाज मी त्याआधी कधी काढला नव्हता. बक्षीस मिळालं नाही. मामा मात्र पहिल्या रांगेत उभा राहून अशा टाळ्या पिटत होता की परीक्षकांनी वळून बघितलं.

पुढे त्याला वाटत होतं, गोळी चालूच ठेवावी, एवढी गुणी गोळी. डॉक्टर बाईंनी ठरल्या वेळी थांबवली आणि नुसतं जेल चालू ठेवलं. "कायमची घ्यायची नसते मामा, काम झालं की निरोप द्यायचा," असं त्यांनी त्याला ठणकावलं. तेव्हापासून सेटवर मुरमं आलेली कोणीही दिसली की तो तिला खिडकीशी न्यायचा, आणि तिने माझी गोळी मागितली तर ओरडायचा, दुसऱ्याची गोळी घ्यायची नाय, आधी डॉक्टर! मग दुधाची आणि गुलकंदाची गोष्ट सांगायचा, स्वतःची फजिती रंगवून रंगवून. तो गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत आमच्याकडे भेटायला कितीतरी मुली आल्या, आम्ही कधी न बघितलेल्या. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला तर एक जण रडता रडता हसली. म्हणाली, "काकू, मामा असते तर आधी विचारलं असतं, गोळी कधी घेतली?"

मागच्या आठवड्यात माझं पहिलं शूटिंग झालं. जाऊ नये असं वाटत होतं. आईने दार उघडून धरलं आणि म्हणाली, "दादाने वाट बघितली असती, चल नीघ." मढच्या त्या बंगल्यात मी लवकरच पोचले. मेकअप रूमच्या भिंतीवर आरसा, त्याच्याभोवती दिवे, समोर त्याची खुर्ची. मी तिच्यात बसले आणि दिव्यांचं बटण शोधायला लागले.

"ए, दिवे नको लावू," मागून आवाज आला. रेश्माताई. युनिटला सांगून तिने हे काम मागून घेतलं होतं. हातात मामाची पेटी, आणि दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. "आधी पाणी पी. घसा कोरडा पडला असेल." मी प्यायले. मग तिने कापूस घेतला, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "उजेडात ये."

मी उठले. तिने खिडकीशी माझा डावा गाल बघितला, उजवा बघितला, कपाळ बघितलं. आम्ही दोघीही रडत होतो, त्यामुळे तिला चेहरा दोनदा पुसावा लागला. हनुवटीवरच्या खळग्याशी तिचा अंगठा थांबला. "हा भरू?" मी नको म्हटलं. "मला वाटलंच," ती म्हणाली. काजळ, थोडी पावडर, आणि पेटी बंद.

शॉट अंगणात होता. बाहेर रणरणतं ऊन. दारात भिंतीला मामाची पांढरी छत्री टेकवलेली होती, रेश्माताईने ती उचलली आणि माझ्या डोक्यावर उघडली.

"मिटव ताई," मी म्हटलं. "गोळ्या केव्हाच संपल्या."

तिने छत्री मिटली. मी उन्हात उतरले.